विश्लेषण : खडबडीत समुद्रतळ लाटांची ताकद कशी कमी करतो? हर्था एअर्टन यांना काचेच्या टाकीत काय दिसले?

ओहोटी लागली की ओल्या वाळूवर समांतर रेघा उघड्या पडतात. शेतातल्या सरी-वरंब्यांची छोटी आवृत्ती वाटावी अशा या रेघा समुद्रकिनारी गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेल्या असतात. लाटांनी जाता जाता काढलेली नक्षी एवढेच त्यांचे महत्त्व आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पाण्याखाली असताना हेच वरंबे लाटेची ऊर्जा खात असतात. किनाऱ्याकडे येणारी लाट किती दुबळी होऊन पोहोचेल, याचा हिशेब करताना अभियंत्यांना तळ किती खडबडीत आहे हे विचारावेच लागते. हा खडबडीतपणा लाटा स्वतःच कसा घडवतात, हे प्रयोगांनी दाखवणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव आहे ब्रिटिश गणिती आणि विद्युत अभियंता हर्था एअर्टन यांचे. १९०४ मध्ये याच विषयावरचा निबंध त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला. त्या संस्थेत स्वतःचा निबंध स्वतः वाचणारी ती पहिली स्त्री. त्याच संस्थेने दोनच वर्षांपूर्वी त्यांना सदस्यत्व नाकारले होते, कारण त्या विवाहित होत्या.

लाट तळाला केव्हा टेकते?

समुद्रात लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्याबरोबर फारसे पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण साधारण वर्तुळात फिरून जवळपास पूर्वीच्याच जागी येतो. ही वर्तुळे खाली खाली लहान होत जातात. लाटेच्या निम्म्या तरंगलांबीइतक्या खोलीवर हालचाल जवळजवळ संपते. खोल समुद्रात आठ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची तरंगलांबी साधारण १०० मीटर असते. म्हणजे ५० मीटरपेक्षा जास्त खोलीवरच्या तळाला अशा लाटेचा पत्ताच लागत नाही. वादळातून निघून हजारो किलोमीटर प्रवास करणाऱ्या लांब लाटांचे तसे नसते. १२ सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी सव्वादोनशे मीटरच्या घरात जाते आणि ती शंभर-सव्वाशे मीटर खोलीपासूनच तळाशी खेळू लागते.

उथळ पाण्यात कणांची वर्तुळे चेपली जातात. अगदी तळाशी तर पाणी फक्त पुढे-मागे सरकते. तळ गुळगुळीत असेल तर या सरकण्यात घर्षण होते, पण ते पाण्याच्या अगदी पातळ थरापुरते राहते. तळावर उंचवटे असतील तर प्रकरण बदलते. पाणी उंचवट्यावरून जाते तेव्हा त्याच्या आडोशाला भोवरा तयार होतो. क्षणात पाण्याची दिशा उलटते, तो भोवरा उचलला जाऊन वर फेकला जातो आणि दुसऱ्या बाजूला नवा भोवरा धरतो. प्रत्येक भोवरा फिरवायला लागणारी ऊर्जा लाटेकडूनच येते आणि ती परत मिळत नाही. भोवरा विरतो आणि ती ऊर्जा शेवटी किंचितशा उष्णतेत जाते. एका वरंब्याचा हा खर्च नगण्यच. पण लाटेला असे लाखो वरंबे ओलांडायचे असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. किनाऱ्यावर लाटेची बहुतेक ऊर्जा संपते ती लाट फुटते तेव्हा, फेसाळत्या पाण्यात. तळाच्या घर्षणाचे काम त्याआधीचे असते. समुद्रतळ झपाट्याने खोल होत असेल तर घर्षणाला वेळच मिळत नाही आणि लाट जवळपास पूर्ण ताकदीने किनाऱ्यावर येऊन आदळते. उथळ पाण्याचा पट्टा रुंद असेल, तर मात्र किनारा दिसण्याआधीच तिची बरीच शिदोरी संपलेली असते.

घड्याळजीची मुलगी

हर्था हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. २८ एप्रिल १८५४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथजवळच्या पोर्टसी येथे त्यांचा जन्म झाला, तेव्हा नाव ठेवले गेले फिबी सारा मार्क्स. वडील लेव्ही मार्क्स पोलंडमधून आलेले ज्यू घड्याळजी. ते १८६१ मध्ये वारले. मागे कर्ज, सात मुले आणि आठवे पोटात. आई शिवणकामावर घर चालवू लागली. सारा नऊ वर्षांची झाली तेव्हा लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या मावशीने तिला शिकायला बोलावून घेतले. मुलींना कमी नव्हे तर जास्त शिक्षणाची गरज असते, असे आईचे मत होते. त्या काळच्या गरीब विधवेने थोरल्या मुलीला घरकामाला न जुंपता असा निर्णय घेणे ही लहान गोष्ट नव्हती.

वयाच्या सोळाव्या वर्षी ती श्रीमंत घरांत मुलांची शिक्षिका म्हणून राहू लागली आणि आईला पैसे पाठवू लागली. याच काळात ओटिली ब्लिंड या मैत्रिणीने तिला हर्था म्हणायला सुरुवात केली. कवी स्विन्बर्न यांच्या एका कवितेतले हे नाव; मुळात ती जर्मन पुराणकथांतली भूमाता. हेच नाव पुढे कायमचे चिकटले.

स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या बार्बरा बोदिशाँ यांच्याशी झालेल्या ओळखीने हर्था यांचे आयुष्य वळले. बोदिशाँ या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी पैशांची जुळवाजुळव करून हर्था यांना गर्टनमध्ये पाठवले. कादंबरीकार जॉर्ज एलियट यांनीही या मुलीत रस घेतला. त्यांच्या ‘डॅनियल डेरोंडा’ कादंबरीतील मायरा या ज्यू तरुणीच्या चित्रणात हर्था यांची छाया आहे, असे मानले जाते. १८८० मध्ये हर्था यांनी केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा पूर्ण केली. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नव्हते. ती द्यायला विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिले. हर्था यांनी मग लंडन विद्यापीठाची परीक्षा दिली आणि १८८१ मध्ये तेथून बी.एस्सी. मिळवली.

शिकवण्या करतानाच १८८४ मध्ये त्यांनी रेषेचे हव्या तितक्या समान भागांत विभाजन करणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. वास्तुविशारद आणि अभियंते यांच्या उपयोगाची ही वस्तू. आयुष्यभरात त्यांच्या नावावर एकूण २६ पेटंटे जमा झाली.

विजेची कमान का फुसफुसते?

त्याच वर्षी त्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागल्या. शिकवणारे होते प्राध्यापक विल्यम एडवर्ड एअर्टन. तरुणपणी त्यांनी भारत सरकारच्या तारखात्यात नोकरी केली होती आणि नंतर जपानमध्ये अध्यापन केले होते. त्यांच्या पहिल्या पत्नी मटिल्डा डॉक्टर होत्या. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले होते. १८८५ मध्ये हर्था आणि विल्यम यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि तिचे नाव बोदिशाँबाईंवरून बार्बरा ठेवले. ही बार्बरा पुढे मजूर पक्षाची खासदार झाली.

संसारात संशोधन मागे पडले. १८९१ मध्ये बोदिशाँ वारल्या आणि त्यांनी मृत्युपत्रात हर्था यांच्यासाठी पैसे ठेवले होते. त्यातून घरकामाला माणूस ठेवता आले आणि प्रयोगांना वेळ मिळू लागला. विज्ञानाच्या इतिहासात अशा मृत्युपत्रांची नोंद फारशी होत नाही, ती व्हायला हवी.

त्या वेळी रस्त्यांवर आणि मोठ्या दालनांत आर्क दिवे जळत. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची झळझळीत कमान उभी राहायची. हा दिवा फुसफुसायचा, फडफडायचा, मध्येच रंग बदलायचा. विल्यम यांनी त्यावर काम सुरू केले होते. १८९३ मध्ये ते शिकागोला परिषदेसाठी गेले असताना त्यांचा निबंध घरी मोलकरणीच्या हातून चुलीत गेला, अशी हकिगत सांगतात. विल्यम यांनी नाद सोडला. हर्था यांनी प्रयोग पहिल्यापासून केले आणि कारण शोधले : कमानीखाली कार्बनमध्ये पडणाऱ्या खळग्यापर्यंत हवेतला ऑक्सिजन पोहोचला की दिवा फुसफुसतो. १८९९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेत त्यांनी हा निबंध स्वतः वाचला आणि त्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १९०२ मध्ये त्यांचा ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हा ग्रंथ आला. तो या विषयावरचा प्रमाणग्रंथ ठरला.

अभियंत्यांनी दार उघडले, शास्त्रज्ञांनी मात्र नाही. १९०१ मध्ये आर्कवरचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला, पण तो वाचला जॉन पेरी यांनी. १९०२ मध्ये हर्था यांचे नाव सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले गेले. सोसायटीने कायदेपंडितांचा सल्ला घेतला. सल्ला असा आला की, विवाहित स्त्रीला कायद्याने पतीपासून वेगळे अस्तित्व नसल्याने ती सदस्य होऊच शकत नाही. अर्ज बाजूला पडला. त्यांच्या कामाच्या दर्जाबद्दल वाद नव्हता, हे विशेष.

मार्गेटच्या वाळूवर काय दिसले?

विजेच्या संशोधकाचा वाळूशी संबंध आला तो आजारपणामुळे. १९०१ मध्ये विल्यम यांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी कुटुंब केंटच्या किनाऱ्यावरील मार्गेट येथे गेले. प्रयोगशाळा लंडनमध्ये राहिली. समोर रोज ओहोटीला उघडी पडणारी वाळू आणि तिच्यावरचे वरंबे होते. इतक्या अस्ताव्यस्त पाण्याखाली इतकी नियमित नक्षी कशी तयार होते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

प्रश्न नवा नव्हता. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी १८८३ मध्ये त्यावर प्रयोग केले होते. पाण्यात शाई सोडून त्यांनी वरंब्यांजवळ फिरणारे भोवरे पाहिलेही होते. हर्था यांनी हा धागा चिकाटीने पुढे नेला. घरातल्या लहानमोठ्या भांड्यांपासून काचेच्या टाक्यांपर्यंत सगळीकडे तळाला वाळू पसरायची, वर पाणी भरायचे आणि ते लयीत झुलवायचे. पाण्याची हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून त्यात रंग किंवा चमकदार पूड सोडायची. १९०८ मध्ये विल्यम यांच्या निधनानंतर लंडनच्या नॉरफोक स्क्वेअरमधील घराचा दिवाणखानाच त्यांची प्रयोगशाळा झाला.

त्यांना दिसले ते असे. सपाट वाळूवर पाणी हळू झुलत असेल तर काहीच होत नाही. पण वाळूत कुठे तरी एखादा उंचवटा किंवा अडथळा असला की पाणी त्याला ओलांडताना पलीकडे भोवरा धरते. भोवरा जवळची वाळू खरवडतो, तेथे सरी पडते आणि खरवडलेली वाळू पलीकडे साचून नवा वरंबा उभा राहतो. पाणी उलटे फिरले की हेच दुसऱ्या बाजूला होते. आता एका वरंब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वरंबा आहे आणि प्रत्येक नवा वरंबा स्वतःचा भोवरा धरू लागतो. एका खड्यापासून सुरू झालेली नक्षी दोन्ही बाजूंना पसरत पसरत सगळा तळ व्यापते. वरंबा उंच झाला की भोवरा मोठा होतो, भोवरा मोठा झाला की सरी खोल जाते. ही वाढ अमर्याद नसते. पाणी एका झोक्यात जेवढे सरकते त्याच्या प्रमाणात वरंब्यांमधले अंतर स्थिरावते. पुढच्या मोजमापांनुसार हे अंतर झोक्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते आणि उंची त्या अंतराच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी. टाकीत ते काही सेंटिमीटर भरते, खुल्या समुद्रात जाडसर वाळूवर मीटरभरही होऊ शकते.

नदीच्या प्रवाहाखालीही वाळूत लहरी उमटतात. पण प्रवाह एकाच दिशेने जात असल्याने त्यांची एक बाजू उताराची आणि दुसरी कड्यासारखी असते. लाटांखालचे वरंबे दोन्हीकडून सारखे असतात, कारण पाणी दोन्हीकडे सारखेच झुलते. प्राचीन वालुकाश्मांत दगड झालेल्या अशा खुणा पाहून भूवैज्ञानिक तेथे कधी काळी उथळ समुद्र होता की वाहती नदी, हे याच फरकावरून ओळखतात.

हर्था यांचा रोख वाळू कशी हलते यावर होता. लाटेची किती ऊर्जा त्यात खर्ची पडते हा हिशेब त्यांनी मांडला नाही. मोठ्या वाळूच्या दांड्यांनाही हेच स्पष्टीकरण लावण्याचा त्यांचा प्रयत्न सगळ्यांना पटला नाही, आणि त्या आक्षेपांत तथ्य होते. वरंब्याच्या आडचा भोवरा हा त्यांच्या मांडणीचा गाभा मात्र टिकला.

सदस्यत्व नाही, पदक चालेल

१९०४ चा तो निबंध या प्रयोगांवरचा होता. तो छापून यायला १९१० साल उजाडले. दरम्यान १९०६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले, विद्युत कमान आणि वाळूवरील लहरी अशा दोन्ही संशोधनांसाठी. हे पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. दुसऱ्या स्त्रीला ते मिळायला २००८ साल यावे लागले. पदक देताना सोसायटीला हर्था यांचे वेगळे अस्तित्व मान्य होते, सदस्यत्व देताना नव्हते; ही विसंगती तेव्हाही अनेकांच्या लक्षात आली होती. सोसायटीत स्त्रिया सदस्य म्हणून दाखल झाल्या त्या १९४५ मध्ये, हर्था यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी.

या अनुभवाने त्या मताधिकाराच्या चळवळीत आल्या असे म्हणणे सोपे आहे, पण स्त्रियांच्या हक्कांचा विचार त्यांच्यात बोदिशाँबाईंच्या सहवासापासूनच होता. १८ नोव्हेंबर १९१० रोजी ब्रिटिश संसदेवर गेलेल्या महिलांच्या शिष्टमंडळात एमेलिन पँकहर्स्ट यांच्याबरोबर हर्था होत्या. शिखांचे अखेरचे महाराजा दुलीपसिंग यांच्या कन्या सोफिया याही त्याच तुकडीत होत्या. त्या दिवशी पोलिसांनी महिलांना इतकी मारहाण केली की तो दिवस काळा शुक्रवार म्हणून ओळखला जातो. तुरुंगात उपोषण करून सुटलेल्या पँकहर्स्ट यांची शुश्रूषा हर्था यांनी आपल्या घरी केली.

मेरी क्युरी यांच्याशी त्यांची मैत्री होती. रेडियमच्या शोधाचे श्रेय वृत्तपत्रे फक्त पिएर क्युरी यांना देतात, हे पाहून हर्था यांनी १९०९ मध्ये एका दैनिकाला खरमरीत पत्र लिहिले. त्यांना स्वतःलाही तसलाच अनुभव होता. पतीने केलेले काम त्या आपल्या नावावर मांडतात, अशी कुजबूज होत असे. १९१२ च्या उन्हाळ्यात आजारपण आणि पॅरिसच्या वृत्तपत्रांनी चालवलेली बदनामी यांनी खचलेल्या क्युरी यांना हर्था यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, माहेरच्या नावाने, कोणाला पत्ता लागू न देता आपल्याकडे ठेवून घेतले.

समुद्रतळाचा भोवरा खंदकात

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. हवेपेक्षा जड असलेला हा वायू खंदकांत उतरून साचत असे. हर्था यांना आपल्या टाक्यांमधले भोवरे आठवले. पाण्यातला भोवरा वाळू उचलून फेकतो, तर हवेतला भोवरा वायू का फेकणार नाही? त्यांनी घरीच टेबलावर खंदकाची छोटी प्रतिकृती मांडून त्यात थंड केलेला धूर सोडला आणि हाताने चालवायचा एक पंखा तयार केला. लांब दांड्याला बिजागरीने जोडलेले कापडाचे पाते; ते जमिनीवर आपटले की हवेचा भोवरेदार झोत पुढे जाऊन वायूला मागे रेटतो.

युद्ध खात्याने सुरुवातीला लक्षच दिले नाही. बराच पाठपुरावा आणि वृत्तपत्रांतून झालेला गाजावाजा यानंतर पंखे आघाडीवर जाऊ लागले. पश्चिम आघाडीवर एकूण १,०४,००० पंखे पाठवले गेले. त्यांच्या उपयोगाबद्दल सैनिकांची मते एकसारखी नव्हती. काहींना त्याने खंदक मोकळे करता आले, तर अनेकांना ते हसण्यावारी नेण्याजोगे खेळणे वाटले. हात बसल्याशिवाय पंखा काम देत नसे, आणि शिकवणी घेण्याइतकी उसंत आघाडीवर नव्हती.

२६ ऑगस्ट १९२३ रोजी ससेक्समधील नॉर्थ लान्सिंग येथे कीटकदंशातून रक्तात विषार पसरून हर्था यांचे निधन झाले. ‘नेचर’मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी लिहिलेला मृत्युलेख कुत्सितच होता, बाईंनी घर सांभाळून नवऱ्याची काळजी घेतली असती तर बरे झाले असते, असा त्याचा सूर. दोन वर्षांनी ओटिली यांनी गर्टन कॉलेजात मैत्रिणीच्या नावे संशोधनवृत्ती सुरू केली.

लाटेच्या ऊर्जेचा हिशेब पुढे कोणी मांडला?

१९४६ मध्ये. सहारातील वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी हर्था यांच्या टाकीची उलट मांडणी केली : पाणी स्थिर ठेवून वाळूचा तळच झुलवला. भोवऱ्यांमुळे तयार होणाऱ्या वरंब्यांना त्यांनी नाव दिले आणि त्यांच्यामुळे पाण्याला किती अडथळा होतो ते मोजले. वरंबे असलेल्या वाळूचा अडथळा सपाट वाळूच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त भरू शकतो, हे अशा मोजमापांतून स्पष्ट होत गेले.

खुल्या समुद्रात याचा ठसठशीत पुरावा मिळाला तो १९९९ च्या शरद ऋतूत. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या राज्यांसमोरच्या उथळ भूखंडमंचावर लाटामापक उपकरणे मांडण्यात आली होती. दूरच्या वादळातून आलेल्या लाटांची ऊर्जा एका प्रसंगी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत तब्बल ९३ टक्क्यांनी घटली. वारा मंद होता, लाटा वाटेत फुटत नव्हत्या. संशय घ्यायला वाळूचा तळच उरला होता. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ९३ टक्के ऊर्जा जाणे म्हणजे उंची साधारण चौथ्या हिश्श्यावर येणे.

मुंबईसमोरचा भूखंडमंचही भारतात सर्वांत रुंद आहे. पण तेथे किनाऱ्याजवळचा तळ वाळूचा नसून बहुतांशी चिखलाचा आहे. चिखलात वरंबे धरत नाहीत. मऊ चिखल स्वतःच लाटेबरोबर हेलकावतो आणि वेगळ्याच पद्धतीने ऊर्जा शोषतो. त्यामुळे एका किनाऱ्याचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

सर्वांत खडबडीत तळ प्रवाळांचा. त्यांच्या फांद्या, खाचा आणि कपारी प्रत्येक झोक्याला असंख्य भोवरे धरतात. हवाईतील कानेओहे उपसागरात केलेल्या मोजमापांत तर घर्षणाने होणारी घट लाटा फुटून होणाऱ्या घटीच्या तोडीची निघाली. जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवतात. त्यातला मोठा वाटा भित्तीच्या माथ्यावर लाटा फुटण्याचा आणि उरलेला मुख्यतः मागच्या उथळ, खरबरीत पठाराचा. प्रवाळ मरून झिजले की पठार गुळगुळीत होते. तेथे पाण्याची खोली तेवढीच राहिली तरी किनाऱ्यावर येणारी लाट मोठी होते.

प्रवाळाचा खडबडीतपणा वर्षानुवर्षे टिकतो, वाळूचा तासातासाला बदलतो, आणि लाटांचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांची खरी अडचण येथेच आहे. मध्यम लाटा वरंबे उभारतात आणि त्यांच्याच पायी थकतात. वादळ अतितीव्र झाले तर तळाची वाळू थरच्या थर वाहू लागते, वरंबे पुसले जातात आणि तळ सपाट होतो. म्हणजे ज्या लाटांना अडवण्याची सर्वाधिक गरज, त्यांना तळाचा अडथळा तुलनेने कमी. वादळ ओसरू लागले की वरंबे पुन्हा उभे राहतात. समुद्र शांत झाल्यावर ते मोडायलाही पुरेसे बळ पाण्यात नसते, म्हणून ते कित्येक दिवस तसेच पडून राहतात. नंतर येणाऱ्या लांब, संथ लाटांना आधीच्या वादळाने सोडलेला तळ ओलांडावा लागतो. म्हणूनच आजच्या काही प्रारूपांत केवळ आजच्या लाटा भरून भागत नाही, आधीच्या लाटांनी तळावर काय ठेवले आहे हेही धरावे लागते.